माल हॅझ की नॉन-हॅझ? वाहतुकीच्या वर्गीकरणासाठी लॅब टेस्ट करून घेताना

तारापूर, अंबरनाथ, लोटे-परशुराम, कुरकुंभ, महाड, एमआयडीसी कुठलीही असो. छोट्या केमिकल कारखान्यात नवा माणूस एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला लागला की थोड्याच दिवसांत फॉरवर्डरचा (मालाच्या वाहतुकीची सोय लावणाऱ्याचा) फोन येतो: "माल हॅझ आहे की नॉन-हॅझ? एमएसडीएस पाठवा, आणि टेस्ट रिपोर्ट असेल तर तोही." हॅझ म्हणजे वाहतुकीला धोकादायक; एमएसडीएस म्हणजे मालाची सुरक्षा-माहितीपत्रिका, हिलाच एसडीएसही म्हणतात. हा माणूस क्यूसीकडे, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाकडे जातो. क्यूसी म्हणतं, आमच्याकडे शुद्धता, ओलावा आणि रंग एवढंच तपासतात. मालक म्हणतात, कुठल्या तरी लॅबकडून सर्टिफिकेट आणून टाक. कुठली लॅब, कुठली टेस्ट, किती माल पाठवायचा, रिपोर्ट आल्यावर त्याचं करायचं काय, हे कोणीच सांगत नाही. हे सगळं मी या कामात राहून शिकलेलं आहे. नव्याने लागलेल्यांना ते एका जागी मिळावं म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. लॅब तुमच्या मालाचा वर्ग ठरवत नाही. तुम्ही दिलेल्या बाटलीतल्या किंवा पिशवीतल्या मालावर, तुम्ही सांगितलेली टेस्ट करून ती एक निकाल देते. त्या निकालावरून वर्ग, यूएन नंबर (यादीतला चार आकडी क्रमांक) आणि पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी, १ सर्वांत कडक) ठरवणं हे माल पाठवणाऱ्याचं काम आहे आणि डिक्लरेशनवर सहीही त्याचीच असते. चुकीचा माल दिला किंवा चुकीची टेस्ट सांगितली, तर रिपोर्ट अगदी बरोबर असतो आणि वर्गीकरण साफ चुकतं.

धोकादायक माल जहाजावर असला की काय होऊ शकतं ते पाहायला फार मागे जायला नको. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' हे जहाज बुडालं. त्यात कॅल्शियम कार्बाइडचे १२ कंटेनर होते. हा पदार्थ पाण्याला लागला की अॅसिटिलीन सोडतो, एका किलोतून सुमारे ३०० लिटर. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ जूनला, कोलंबोहून आपल्या न्हावाशेवाकडे निघालेल्या 'वान हाय ५०३' वर आग लागली आणि चार खलाशी बेपत्ता झाले. अशा वेळी आग विझवायला जाणाऱ्यांच्या हातात एकच आधार असतो: कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे याची यादी. त्या यादीतली एक ओळ तुम्ही भरलेली असते. पाणी मारायचं की नाही, हे ते त्या ओळीवरून ठरवतात.

१. आधी यादी बघा, मग लॅबला फोन करा

जगभरची धोकादायक मालाची वाहतूक संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींवर चालते. समुद्रमार्गासाठी त्यावरून आयएमडीजी कोड तयार होतो, विमानासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची नियमावली, डीजीआर. दोन्हींत धोकादायक मालाची मोठी यादी असते. तुमचा माल त्यात स्वतःच्या नावाने असेल तर बहुतेक वेळा टेस्टची गरजच नाही. अॅसिटोन १०९०, टोल्युइन १२९४, मिथेनॉल १२३०, यांचे वर्ग ठरलेले आहेत. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ज्योतीने पेट घेते ते) काढून आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

टेस्ट लागते ती पुढच्या प्रकारांना: दोन-तीन सॉल्व्हंटचं मिश्रण, यादीत नसलेलं इंटरमीडिएट, नवी पावडर, वासाची किंवा सफाईची रसायनं, वनस्पतिजन्य भुकटी. आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. पेंट (१२६३) किंवा रेझिन सोल्यूशन (१८६६) यांचं नाव यादीत असतं, पण पॅकिंग ग्रुप १, २ की ३ हे फ्लॅश पॉइंट आणि उकळबिंदूवरच ठरतं. तिथे नाव सापडलं म्हणून काम संपत नाही.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे एसडीएसचा १४ वा विभाग. त्यात वाहतुकीचा वर्ग लिहिलेला असतो, आणि अनेक ठिकाणी तो इंटरनेटवरच्या कुठल्या तरी सारख्या नावाच्या मालावरून उचललेला असतो. त्या एसडीएसमधल्या मालात सॉल्व्हंट २० टक्के असेल, तुमच्यात ४० टक्के असेल. ९ व्या विभागात 'फ्लॅश पॉइंट: माहिती उपलब्ध नाही' आणि १४ व्या विभागात 'धोकादायक नाही' असं दिसलं, तर ते 'धोकादायक नाही' कशावरून लिहिलं, हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे.

जीएचएसचे (लेबल आणि एसडीएससाठीच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीचे) निकष आणि वाहतुकीचे निकष सारखे नसतात, हेही ध्यानात असू द्या. ६० ते ९३ अंशांत फ्लॅश पॉइंट असलेला द्रव जीएचएसमध्ये ज्वलनशीलच धरला जातो, वाहतुकीत वर्ग ३ (ज्वलनशील द्रव) मात्र ६० अंशांवर थांबतो. तोंडावाटे एलडी५० (निम्मे प्राणी दगावतील असा डोस, किलोमागे मिलिग्रॅममध्ये) ३०० च्या वर असेल तर लेबलवर 'गिळल्यास अपायकारक' असेल, पण त्या आकड्याने माल ६.१ (विषारी) मध्ये जात नाही. उलट दिशेनेही गफलत होते, म्हणून एका तक्त्यावरून दुसरा भरू नका.

२. कागदावरच कोणत्या टेस्ट गळतात ते पाहा

वाहतुकीचे नऊ वर्ग आहेत. सगळ्यांच्या टेस्ट मागितल्या तर लॅब आनंदाने करून देईल, पण त्याची गरज नसते. आधी तुमच्या आर अँड डीच्या केमिस्टला घेऊन बसा आणि मालाची रचना समोर ठेवा.

ऑक्सिडायझरची (५.१) टेस्ट: सेंद्रिय संयुगात ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन नसेल, किंवा असले तरी फक्त कार्बन-हायड्रोजनला जोडलेले असतील, तर लागत नाही.

पाण्याशी प्रक्रिया (४.३): रचनेत धातू किंवा धातुसदृश मूलद्रव्य नसेल, किंवा तुमच्याच प्लँटमध्ये तो माल पाण्याने धुतला जात असेल, तर लागत नाही. बॅच शीटवर 'वॉटर वॉश' ही पायरी असणं हा इथे चांगला पुरावा आहे. त्या पानाची प्रत फाइलला लावा.

स्फोटकता (वर्ग १) आणि सेल्फ-रिअॅक्टिव्ह (स्वतःहून विघटन पावणारा माल): नायट्रो, अॅझाइड, डायझो, पेरॉक्साइड असे गट दिसले की थांबा. आधी डीएससी (माल तापवून त्यातून किती उष्णता सुटते ते मोजणारी टेस्ट) करून घ्या. त्याला काही मिलिग्रॅम माल पुरतो. विघटनाची ऊर्जा ग्रॅममागे ५०० ज्यूलपेक्षा कमी असेल तर वर्ग १ ची पुढची साखळी साधारणपणे टाळता येते. सेल्फ-रिअॅक्टिव्हसाठी ही रेघ ३०० ज्यूलवर आहे. आकडा याच्या वर गेला, तर स्वतःच्या डोक्याने पुढे जाऊ नका. स्फोटकांचं वर्गीकरण सक्षम प्राधिकरणाच्या मान्यतेनेच होतं, आणि आपल्याकडे ते प्राधिकरण नागपूरचं पेसो, म्हणजे केंद्र सरकारची स्फोटक सुरक्षा संघटना, आहे.

हे गाळून झालं की बहुतेक छोट्या कारखान्यांच्या हातात दोन-तीनच टेस्ट उरतात. द्रवाला फ्लॅश पॉइंट आणि उकळबिंदू, जोडीला गंज. पावडरला एन.१ (आग किती वेगाने पसरते) आणि एन.४ (माल आपोआप तापतो का). विषारीपणा आणि जलचरांवरचा परिणाम यांचे आकडे पुष्कळदा घटकांच्या माहितीवरून गणिताने निघतात.

गाळलेल्या प्रत्येक टेस्टसमोर एक ओळीचं कारण लिहून, केमिस्टची सही घेऊन ठेवा. पुढे शिपिंग लाइनने विचारलं तर हा कागद रिपोर्टइतकाच कामाला येतो.

३. लॅब निवडताना

'आमची लॅब एनएबीएल आहे' (म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे) एवढ्यावर समाधान मानू नका. एनएबीएलची मान्यता टेस्टनिहाय असते. लॅबचा स्कोप मागवा किंवा एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघा, आणि तुम्हाला हवी ती पद्धत नाव-क्रमांकासह त्यात आहे का ते तपासा. पाणी-माती तपासणारी उत्तम लॅब एन.४ साठी बिनकामाची असू शकते. विषारीपणाच्या टेस्ट असतील तर जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) मान्यतेची लॅब बघा. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृती व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे आपल्याकडचा जीएलपी डेटा त्या देशांत चालतो.

कोटेशन मागवताना 'ट्रान्सपोर्ट क्लासिफिकेशन टेस्टिंग करायचं आहे' असं मोघम लिहू नका. टेस्टचं नाव लिहा: 'यूएन मॅन्युअल ऑफ टेस्ट्स अँड क्रायटेरिया, टेस्ट एन.१' असं स्पष्ट. मग हे प्रश्न विचारा:

किती माल लागेल? उपकरणाची शेवटची तपासणी कोणत्या प्रमाणित पदार्थावर झाली? रिपोर्टमध्ये आलेख आणि फोटो देता का? माल मिळाला तेव्हाची अवस्था, म्हणजे ओलावा, कण, रंग, नोंदवता का? उरलेल्या मालाचं काय करता?

आलेख देत नाही म्हणणारी लॅब एन.४ साठी घेऊ नका. कारण पुढे येईल.

४. सॅम्पल: सगळं इथेच ठरतं किंवा बिघडतं

नमुना तोच हवा, जो ड्रममधून जाणार आहे. वाक्य साधं आहे, पण सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. क्यूसी नमुना देतं तो वाळवलेला, चाळलेला, छान पावडरचा. प्रत्यक्षात माल जातो तो २ टक्के ओलाव्याचा. किंवा उलट: मायक्रोनाइज केलेला माल जायचा आहे आणि लॅबला गेला जाडसर. पावडरच्या ज्वलनशीलतेत कण जितका बारीक तितकी आग वेगाने धावते. एकाच मालाचे दोन ग्रेड असतील तर निदान बारीक ग्रेडची टेस्ट झालीच पाहिजे.

द्रवाचं दुखणं वेगळं. सॉल्व्हंट उडून गेलं की फ्लॅश पॉइंट वर चढतो आणि धोकादायक माल कागदावर निर्धोक होतो. म्हणून नमुना काचेच्या किंवा धातूच्या बाटलीत घ्या. प्लास्टिकमधून हलकं सॉल्व्हंट झिरपतं. बाटली जवळजवळ भरलेली असू द्या, प्रसरणापुरती थोडीच जागा ठेवा. थंड जागी ठेवा आणि टेस्टच्या आधी कोणी 'जरा वास बघू' म्हणून उघडणार नाही याची काळजी घ्या. क्यूसी, फ्लॅश पॉइंट आणि गंज यांच्यासाठी वेगवेगळ्या बाटल्या भरा.

किती माल? फ्लॅश पॉइंटला अर्धा लिटर असला की पुनर्तपासणीही होते. एन.१ ला थोडा माल पुरतो. एन.४ चा मोठा घन १०० मिलिमीटरचा, म्हणजे एका फेरीला एक लिटर माल, आणि फेऱ्या तीन-चार होऊ शकतात. हलक्या पावडरीची पाच लिटरची पिशवी बघून साहेब ओरडले तरी तेवढी द्यावीच लागते.

त्याच बॅचचा तेवढाच नमुना सीलबंद करून स्वतःकडे राखून ठेवा.

आता लॅबसाठीचा नमुना तिथपर्यंत न्यायचा कसा? इथे मी कळकळीने सांगतो: एसटीच्या पार्सलात टाकू नका, लोकलमध्ये बॅगेत घालून नेऊ नका, साध्या कुरियरला 'डॉक्युमेंट अँड पावडर' म्हणून देऊ नका. हे राजरोस चालतं आणि ते भयंकर आहे. ज्याचा धोका अजून माहीत नाही असा माल आपण माणसांनी भरलेल्या डब्यात नेत असतो. वर्ग न ठरलेल्या नमुन्यांसाठी नियमांत वाट ठेवलेली आहे. जो वर्ग असण्याची शंका आहे तो गृहीत धरायचा, त्या वर्गातला सर्वांत कडक शक्य पॅकिंग ग्रुप लावायचा, नावापुढे 'सॅम्पल' लिहायचं, आत बाटली बाहेर खोका असं दुहेरी पॅकिंग करायचं आणि एका खोक्यात निव्वळ माल २.५ किलोपेक्षा जास्त ठेवायचा नाही. माल स्फोटक असण्याची शंका असेल तर ही सवलत नाही. कंपनीच्या गाडीने नेत असाल तरी पॅकिंग असंच ठेवा आणि एसडीएस चालकाच्या हातात द्या.

लॅबला नमुन्यासोबत द्यायचे कागद:
– एसडीएस, सगळे १६ विभाग, मसुदा असला तरी चालेल
– घटकांची टक्केवारी (गोपनीय असेल तर गोपनीयतेच्या करारासह)
– बॅच नंबर, ओलावा आणि कणांचा आकार दाखवणारा सीओए (बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र)
– डीएससी केला असेल तर त्याचा आलेख
– टेस्ट रिक्वेस्ट, त्यात प्रत्येक टेस्टची पद्धत नावाने
– माल कुठल्या पॅकिंगमध्ये जाणार आहे: २५ किलोची बॅग, २०० लिटरचा ड्रम की जंबो बॅग

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण एन.४ चा निकाल त्यावरच वाचायचा असतो.

५. टेस्ट होताना काय घडतं

शक्य असेल तर एकदा लॅबमध्ये उभं राहून बघा. बऱ्याच लॅब परवानगी देतात, आणि रिपोर्टमधल्या आकड्यांमागे काय आहे हे कळतं.

फ्लॅश पॉइंट. झाकणबंद पितळी कपात द्रव हळूहळू तापवतात, मध्ये पंखा ढवळत असतो. ठराविक अंशांनी ढवळणं थांबवून झाकणातल्या फटीतून बारीक ज्योत आत डोकावते. एका क्षणी द्रवाच्या पृष्ठभागावरून निळसर लकेर झपकन पसरते, तोच फ्लॅश पॉइंट. त्याआधी काही अंश ज्योतीभोवती निळं वलय दिसतं आणि नवखा तंत्रज्ञ तिथेच आकडा लिहून मोकळा होतो. ते वलय फ्लॅश नव्हे.

लक्षात ठेवायचे आकडे: फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस किंवा कमी असेल तर वर्ग ३. २३ च्या खाली असेल तर पॅकिंग ग्रुप २, २३ ते ६० मध्ये असेल तर ३. उकळण्याची सुरुवात ३५ अंशांवर किंवा त्याआधी होत असेल तर फ्लॅश कितीही असो, ग्रुप १.

इथले सापळे तीन. पहिला, क्लोज्ड कप की ओपन कप? वाहतुकीला क्लोज्ड कप लागतो. तेल-रेझिनच्या लॅबमध्ये सवयीने क्लीव्हलँड ओपन कप लावतात, त्यात आकडा जास्त येतो. दुसरा, हवेच्या दाबाची दुरुस्ती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि दुरुस्ती साधारण दीड अंशाची येते. तारापूरला ती नगण्य. रिपोर्टवर 'दुरुस्त केलेला' असं लिहिलं आहे का ते बघा, कारण २२ आणि २३.५ यांच्यात पॅकिंग ग्रुप बदलतो. तिसरा, उंबरठ्यावरचा आकडा. २३ किंवा ६० च्या एक-दोन अंश अलीकडे-पलीकडे आला तर इक्विलिब्रियम पद्धतीने (द्रव आणि वाफ समतोलात येऊ देऊन) पुन्हा करून घ्या. तरीही शंका राहिली तर कडक बाजू धरा. ६१ चा आकडा घेऊन 'नॉन-हॅझ' म्हणून नाचू नका. पुढची बॅच ५९ ची निघू शकते.

एक वैध सवलतही आहे. फ्लॅश ३५ अंशांच्या वर असेल आणि एल.२ टेस्टमध्ये द्रव पेट धरून राहत नसेल, तर तो वर्ग ३ मधून सुटतो. पाण्यात मिसळणारी आणि वजनाने ९० टक्क्यांहून जास्त पाणी असलेली सोल्यूशन्स, ३५ च्या वर फ्लॅश असेल तर, याच न्यायाने सुटतात. पाण्यावर आधारलेला माल असेल तर लॅबला एल.२ विचाराच.

एन.१, पावडरची आग. साच्यात २५० मिलिमीटर लांब, २० रुंद, १० उंच अशी त्रिकोणी रांग तयार करतात. साचा दोन सेंटिमीटरवरून तीनदा आपटून पावडर बसवतात, मग प्लेटवर उलटा करतात. ती लांबट उतरंड समोर असते आणि एका टोकाला बर्नर लावतात. आधीच्या चाळणी फेरीत दोन मिनिटांत आग २०० मिलिमीटर सरकलीच नाही, तर माल ४.१ (ज्वलनशील घन) मध्ये नाही आणि टेस्ट संपली. सरकली, तर पुन्हा रांग लावून १०० मिलिमीटरचं अंतर स्टॉपवॉचवर मोजतात. ४५ सेकंदांच्या आत पार केलं तर ४.१. त्या अंतराच्या पुढे आधीच एक मिलिलिटर द्रवाने ओला पट्टा केलेला असतो. आग त्याला ओलांडून गेली तर पॅकिंग ग्रुप २, चार मिनिटं अडली तर ३. धातूच्या भुकटीला वेळेची मापं वेगळी, मिनिटांत.

पुष्कळ सेंद्रिय पावडरी चाळणी फेरीतच वितळतात, काळ्या पडतात आणि विझतात. वितळली, ठिणगी धरली, धूर सुटला, असं जे काही झालं ते निरीक्षण म्हणून रिपोर्टमध्ये यायला हवं. नुसतं 'निगेटिव्ह' पुरेसं नाही.

एन.४, आपोआप तापणं. जास्तीत जास्त गैरसमज असलेली हीच टेस्ट. बारीक जाळीच्या घनाकृती टोपलीत पावडर भरतात, मधोमध थर्मोकपल खोचतात आणि १४० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवतात. आलेख आधी १४० पर्यंत चढतो आणि आडवा होतो. निर्धोक माल तसाच आडवा राहतो. दुसरा प्रकार काही तास शांत राहतो, मग रेघ वर वळू लागते, हळू, आणि मग एकदम. मालाचं तापमान २०० च्या वर गेलं किंवा माल पेटला तर निकाल पॉझिटिव्ह. आलेख मागा म्हटलं ते यासाठी: १९० पर्यंत जाऊन खाली आलेला माल आणि १४१ वर झोपलेला माल, दोन्हींवर शिक्का 'निगेटिव्ह' असाच बसतो. पहिल्याच्या बाबतीत मी तरी दुसऱ्या बॅचची टेस्ट केल्याशिवाय पुढे जात नाही.

आकार का महत्त्वाचा? उकिरड्याच्या ढिगात वरून गार आणि आत हात घालवत नाही, तसंच हे. उष्णता सगळ्या ढिगात तयार होते आणि बाहेर फक्त पृष्ठभागातून जाते, म्हणून ढीग मोठा तितका धोका मोठा. २७ घनमीटरचा लाकडी कोळशाचा घन ५० अंशांतही आपोआप पेटू शकतो, या आधारावरच टेस्टची तापमानं बसवलेली आहेत. म्हणून निकाल असा वाचायचा:

१०० मिलिमीटरचा घन १४० अंशांवर निगेटिव्ह असेल तर माल ४.२ (आपोआप पेटणारा) मध्ये नाही. २५ मिलिमीटरचा छोटा घनही १४० वर पॉझिटिव्ह आला तर पॅकिंग ग्रुप २. मोठा पॉझिटिव्ह आणि छोटा निगेटिव्ह असेल तर पॅकिंगचा प्रश्न येतो. मोठा घन १२० वर निगेटिव्ह आला तर ३ घनमीटरपर्यंतच्या पॅकिंगला सूट. १२० वर पॉझिटिव्ह पण १०० वर निगेटिव्ह आला तर ४५० लिटरपर्यंतच्या पॅकिंगलाच सूट. १०० वरही पॉझिटिव्ह असेल तर सूट नाही, ग्रुप ३.

म्हणजे एकच माल २०० लिटरच्या ड्रममध्ये ४.२ च्या बाहेर आणि घनमीटरभर जंबो बॅगमध्ये ४.२ असू शकतो. गिऱ्हाईकाने 'आता जंबो बॅगमध्ये द्या' म्हटलं आणि मार्केटिंगने हो म्हटलं की तुमचं जुनं वर्गीकरण तिथेच संपतं. हे मार्केटिंगला आधीच सांगून ठेवा.

गंज, वर्ग ८. धातूसाठी स्टील आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ५५ अंशांवर निदान सात दिवस ठेवतात: एक बुडालेली, एक अर्धी, एक नुसत्या वाफेत. वर्षाला ६.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने झिजली तर पॅकिंग ग्रुप ३. वजन फारसं घटलं नाही म्हणून सुटका समजू नका, खड्डे पडले का तेही मोजायचं असतं. त्वचेसाठी आता प्राण्यांशिवायच्या ओईसीडी पद्धती आहेत, आधी त्याच मागा.

६. रिपोर्ट आला, आता वर्ग ठरवा

रिपोर्ट उघडून आधी निकाल बघू नका. आधी बॅच नंबर, मालाचं नाव, नमुन्याची अवस्था, पद्धत, तारीख आणि सही बघा. नावात एक अक्षर चुकलं तरी सीएचए (कस्टम्स एजंट) आणि शिपिंग लाइन अडवतात, आणि दुरुस्त रिपोर्ट यायच्या आत कटऑफ (माल स्वीकारण्याची शेवटची वेळ) निघून जाते.

दोन धोके निघाले तर मुख्य कोणता हे कोडमधल्या प्राधान्याच्या तक्त्यात बघायचं, अंदाजाने नाही. उदाहरणार्थ, वर्ग ३ ग्रुप २ आणि वर्ग ८ ग्रुप २ असा द्रव असेल तर मुख्य ३ आणि दुय्यम ८. पण ज्वलनशीलता ग्रुप ३ ची असेल आणि गंज ग्रुप २ चा, तर मुख्य ८ होतो.

मग नाव. यादीतलं सर्वांत नेमकं नाव घ्या. तसं नसेल तरच यूएन १९९३ सारखं सर्वसाधारण नाव, आणि तिथे धोका ज्या घटकामुळे आहे त्याचं तांत्रिक नाव जोडावं लागतं.

निकाल सगळे निगेटिव्ह आले तरी पर्यावरणाचा वर्ग ९ (३०७७, ३०८२) तपासल्याशिवाय 'नॉन-हॅझ' लिहू नका. समुद्रमार्गे हा हमखास राहून जातो.

आणि 'नॉन-हॅझचं सर्टिफिकेट दोन तासांत, सॅम्पलची गरज नाही' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. मला असा प्रस्ताव आलेला आहे. त्या कागदावर सही दुसऱ्याची असली तरी डिक्लरेशनवर तुमच्या कंपनीचीच असणार.

७. पॅकिंग आणि कागद

वर्ग ठरला की हा भाग सरळ आहे. यूएन मार्किंगचं पॅकिंग लागतं. मार्किंगमधलं एक्स अक्षर सगळ्या ग्रुपना चालतं, वाय ग्रुप २ आणि ३ ला, झेड फक्त ३ ला. त्याचं प्रमाणपत्र आपल्याकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग देते, मुख्यालय मुंबईतच आहे. ड्रमवाल्याकडून चालू मुदतीचं प्रमाणपत्र मागून घ्या. पॅकेजवर १०० मिलिमीटरचं लेबल, कंटेनरवर २५० चं प्लॅकार्ड. सोबत डीजी (धोकादायक मालाचं) डिक्लरेशन, कंटेनर पॅकिंग सर्टिफिकेट, सुधारलेला एसडीएस. रस्त्याने बंदरापर्यंत जाताना चालकाकडे ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं). विमानाने पाठवणार असाल तर डिक्लरेशनवर सही करणाऱ्याचं डीजीआर प्रशिक्षण चालू असलं पाहिजे, ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं.

८. रिपोर्ट किती काळ चालतो

रिपोर्टवर मुदत छापलेली नसते. काही शिपिंग लाइन आणि एअरलाइन चालू वर्षाचाच मागतात, ते बुकिंगआधी विचारून घ्या. मालाच्या बाजूने बघाल तर सॉल्व्हंट, प्रमाण, कणांचा आकार, ओलावा किंवा पॅकिंग, यांतलं काहीही बदललं की टेस्ट पुन्हा. कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला तर निदान फ्लॅश पॉइंट पुन्हा. तुमच्या चेंज कंट्रोलच्या फॉर्मवर 'वाहतूक वर्गीकरणावर परिणाम होतो का?' ही एक ओळ छापून घ्या.

माल तोच राहिला तरी नियम बदलतो. आयएमडीजी कोड दर दोन वर्षांनी सुधारतो, आयाटाचं डीजीआर दर वर्षी १ जानेवारीला. कोळशाचं ताजं उदाहरण घ्या. एन.४ निगेटिव्ह आली की लाकडी किंवा करवंटीचा कोळसा समुद्रमार्गे साध्या मालासारखा पाठवता येत असे. आयएमडीजीच्या ४२-२४ सुधारणेने ती वाट बंद केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून ती सुधारणा बंधनकारक आहे. टेस्ट रिपोर्ट कितीही स्वच्छ असला तरी आता तो १३६१ म्हणून, ४.२ मध्येच जातो. ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट नीट लावलेल्या फायली आहेत त्यांनी त्या फायलींवर कोडची कुठली आवृत्ती धरली होती ते आजच लिहून काढावं, आणि पुढचं बुकिंग घेण्याआधी यादीतली ती ओळ नव्या आवृत्तीत पुन्हा वाचावी.